खटपट्यांचा कट्टा : गॅजेट उघडायला एकत्र का जमायचं?

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना येणारी अडखळ तेवढी गाळली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. लोकलमध्ये नेटवर्क जातं म्हणून ऐकता येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांसाठी खास!)

आज एक अगदी साधा प्रश्न घेऊन बसूया. ज्या फोनवर तुम्ही आत्ता हे ऐकताय, त्याच्या आत काय आहे हे तुम्ही कधी पाहिलंय का? स्क्रीनवर काय आहे ते नको सांगू. आतलं सांगा. बॅटरी कुठे असते, स्पीकर केवढा असतो, चार्जिंगची पिन कशाला जोडलेली असते?

बहुतेकांचं उत्तर 'नाही' असणार. आणि त्यात तुमचा काही दोष नाही. फोन उघडायचा नसतोच, असंच आपल्याला सांगितलं गेलंय. बंद पडला तर दुकानात द्यायचा, दुकानदार म्हणाला 'बोर्ड गेलाय' तर मान डोलवायची आणि नवा घ्यायचा.

पण जगात ठिकठिकाणी काही मंडळी महिन्यातून एकदा तरी एकत्र जमतात, टेबलावर बंद पडलेल्या वस्तू मांडतात आणि बिनधास्त उघडून बसतात. तिथे कोणी भाषण करत नाही, स्टेज नसतं, सर्टिफिकेट मिळत नाही. आपल्याकडे अशा माणसाला छान शब्द आहे, 'खटपट्या'. आणि निवांत जमायच्या जागेलाही शब्द आहे, 'कट्टा'. तर आजचा विषय आहे खटपट्यांचा कट्टा. तो असतो कसा, त्यातून काय काय घडलं, आणि तुम्हाला तुमच्या गल्लीत सुरू करायचा असेल तर काय करायचं.

एका गॅरेजमधली संध्याकाळ

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावात. तारीख ५ मार्च १९७५. गॉर्डन फ्रेंच नावाच्या इंजिनिअरच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. बोलावणारे दोघं होते, फ्रेंच स्वतः आणि त्याचा मित्र फ्रेड मूर. निमित्त होतं एक नवं यंत्र, अल्टेअर ८८००.

आता हा अल्टेअर म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. त्याच वर्षी जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला होता. साधारण ४०० डॉलरला सुट्या भागांचा संच मिळायचा, जोडायचा आपला आपण. जोडून झाल्यावर हातात यायची एक निळसर पेटी. स्क्रीन नाही, की-बोर्ड नाही. पुढच्या बाजूला बटणांची रांग आणि लुकलुकणारे लाल दिवे. मूळ संचातली मेमरी २५६ बाइट. एमबी सोडा, केबीसुद्धा नाही. हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही.

मग एवढ्याशा पेटीसाठी माणसं भर पावसात का जमली? कारण तोवर कॉम्प्युटर म्हणजे कंपनीची नाहीतर विद्यापीठाची मालमत्ता. सामान्य माणसाला स्वतःच्या घरात ठेवता येईल असा कॉम्प्युटर पहिल्यांदाच आवाक्यात आला होता. आणि तो जोडायचा कसा, वापरायचा कशासाठी, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. ज्याला एक गोष्ट कळली होती, त्याला दुसरी कळली नव्हती. म्हणून एकत्र जमायचं.

या मंडळींचं नाव पडलं होमब्रू कॉम्प्युटर क्लब. 'होमब्रू' म्हणजे घरी बनवलेलं. गॅरेज लवकरच अपुरं पडलं आणि पुढे बैठका स्टॅनफर्डच्या एका संशोधन केंद्राच्या सभागृहात व्हायला लागल्या.

तिथली बैठक कशी चालायची, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ली फेल्सेन्स्टाइन नावाचा गृहस्थ ती चालवायचा. पहिला भाग असा की एकेकाने उभं राहून सांगायचं, 'माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय, माझं इथे अडलंय.' बस, एवढंच. लांबण लावायची नाही. दुसरा भाग म्हणजे मोकळा वेळ. ज्याचं बोलणं ऐकून आपले कान टवकारले, त्याला जाऊन गाठायचं. गप्पा, कागदांची देवाणघेवाण, सुटे भाग बदलून घेणं, सगळं तेव्हा.

बघा, किती सोपी रचना आहे! आधी सगळ्यांसमोर आपलं अडलेलं सांगा, मग ज्याला त्यातलं कळतं तो आपणहून तुमच्याकडे येतो.

रेडिओवर वाजलेला कॉम्प्युटर

या क्लबातला एक किस्सा फार भारी आहे. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदाने आपला अल्टेअर चालू केला होता आणि शेजारी रेडिओ वाजत होता. त्याच्या लक्षात आलं की कॉम्प्युटर काम करायला लागला की रेडिओत खरखर येते, आणि काम बदललं की खरखरही बदलते.

असं का होतं? कुठल्याही सर्किटमध्ये वीज झपाट्याने चालू-बंद झाली की त्यातून बारीकशा रेडिओ लहरी बाहेर पडतात. जवळचा रेडिओ त्या पकडतो. आता समजा, कॉम्प्युटरला एकच काम सेकंदाला ४४० वेळा करायला लावलं, तर रेडिओतून त्या पट्टीचा सूर ऐकू येतो. फेऱ्या वाढवल्या की सूर चढतो, कमी केल्या की उतरतो. म्हणजे फेऱ्यांची संख्या नीट मांडली की गाणं!

डॉम्पियरने तो प्रोग्रॅम बैठकीत एकेक बटण खालीवर करत भरला. मध्येच वायरीला कोणाचा तरी पाय लागला, वीज गेली आणि सगळं पुसलं गेलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून भरलं. आणि मग शेजारच्या रेडिओतून बीटल्सच्या 'फूल ऑन द हिल'ची धून वाजली. ज्या यंत्राला स्पीकरच नव्हता ते गात होतं. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

या प्रयोगाचा छोटा भाऊ तुम्ही आज घरी करू शकता. आजोबांचा जुना एएम रेडिओ असेल तर माळ्यावरून काढा. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि रेडिओ चार्जरजवळ, एलईडी दिव्याजवळ, लॅपटॉपजवळ न्या. प्रत्येकाची गुणगुण वेगळी येईल. तुमच्या घरातली गॅजेट काय पुटपुटतायत ते तुम्ही कानाने ऐकताय!

नकाशा वाटून टाकणारा, आणि चिडलेला

याच क्लबात पहिल्या दिवसापासून एक लाजाळू तरुण यायचा, स्टीव्ह वॉझनियाक. तो तेव्हा ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत नोकरीला होता. पहिल्या बैठकीत हाती लागलेला मायक्रोप्रोसेसरचा माहितीचा कागद त्याने घरी नेऊन वाचला आणि त्याच्या डोक्यात स्वतःचा कॉम्प्युटर आकार घ्यायला लागला. तो क्लबात आणून दाखवायचा, आणि त्याच्या सर्किटचे नकाशे झेरॉक्स काढून फुकट वाटायचा. घ्या, तुम्हीही बनवा!

त्याच्या मित्राने, म्हणजे स्टीव्ह जॉब्सने, सुचवलं की लोकांना स्वतः जोडायला वेळ नाही, आपण तयार बोर्ड विकूया. तोच पुढे ॲपल वन झाला. १९७६ मध्ये त्याची किंमत होती ६६६.६६ डॉलर.

पण सगळं काही गोडीगुलाबीत चाललं होतं असं समजू नका. १९७६ च्या फेब्रुवारीत विशीतल्या बिल गेट्सने या हौशी मंडळींना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अल्टेअरसाठी बेसिक भाषेचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्याची कागदी टेप एकाकडून दुसऱ्याकडे गेली, प्रती निघाल्या, आणि बहुतेकांनी पैसे दिलेच नाहीत. गेट्सचं म्हणणं थोडक्यात असं की, आम्ही एवढे महिने राबलो, तुम्ही फुकटात वाटताय, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहायचं कोणी आणि कशासाठी?

आता यात कोण बरोबर? दोघांकडेही काहीतरी आहे. वॉझनियाक आपलं स्वतःचं काम वाटत होता, तो त्याचा हक्क होता. टेपच्या प्रती काढणारे दुसऱ्याचं काम वाटत होते. कट्ट्यावर हा फरक लक्षात ठेवायचा. ज्ञान मोकळं ठेवा, पण ज्याच्या मेहनतीचं ते आहे त्याला विचारा, त्याचं नाव घ्या. पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने यावरच तोडगा काढला. वाटायची परवानगी निर्मात्यानेच लेखी देऊन ठेवायची.

ॲमस्टरडॅममधला चहा आणि टोस्टर

होमब्रू क्लब १९८६ मध्ये संपला. तोवर कॉम्प्युटर दुकानात तयार मिळायला लागले होते, जोडत बसायची गरज उरली नव्हती. मग कट्ट्याचं काम संपलं का? नाही, प्रश्न बदलला. 'बनवायचं कसं?' याऐवजी 'बिघडलं तर काय?' हा प्रश्न पुढे आला.

ऑक्टोबर २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅम शहरात मार्टिना पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला. कल्पना साधी होती. तुमचा बंद टोस्टर, दिवा, रेडिओ घेऊन या. दुरुस्ती जाणणारे स्वयंसेवक तिथे असतील. चहा-कॉफी घेत दोघं मिळून तो उघडा. आज असे हजारो कॅफे जगभर भरतात, आपल्याकडे बंगळुरूमध्येही ही कल्पना रुजली.

यातला मला आवडलेला नियम म्हणजे वस्तू टेबलावर ठेवून निघून जायचं नाही, शेजारी बसायचं. स्क्रू तुम्ही काढायचा, वायर तुम्ही धरायची, कुठे बिघडलंय ते तुमच्या डोळ्यांनी बघायचं. दुरुस्त झालं तर उत्तम, नाही झालं तरी तुम्ही जाताना काहीतरी शिकून जाता. पुढच्या वेळी 'बोर्ड गेलाय' असं कोणी म्हणालं की तुम्ही विचारू शकता, 'बोर्डावरचं नेमकं काय गेलंय, दाखवता का?'

आणि हे फक्त पैसे वाचवण्यापुरतं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला चौथा हिस्सासुद्धा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला नाही. त्या ढिगात किती वस्तू फक्त एका तुटलेल्या वायरीपायी गेल्या असतील, विचार करा.

आणि आपलं पाबळ

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशात ठीक आहे हो. मग आपल्या पुणे जिल्ह्यात चला, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट केलेले शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी इथल्या दुष्काळी टापूत विज्ञान आश्रम उभा केला. त्यांचं म्हणणं होतं की माणूस हाताने काम करतानाच खरा शिकतो. शाळेत 'नापास' ठरलेली मुलंही इथे येऊन वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम शिकायला लागली.

पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत नील गर्शनफेल्ड नावाचे प्राध्यापक 'फॅब लॅब' ही कल्पना मांडत होते. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणारी कटिंगची यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणि कोणीही येऊन काहीही बनवावं अशी कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेर जगात अगदी सुरुवातीला जिथे फॅब लॅब पोचली, त्यातलं एक ठिकाण म्हणजे आपलं पाबळ, साल २००२. तिथे विषय कुठले निघाले? दुधाचा कस कसा तपासायचा, शेतातलं डिझेल इंजिन नीट ट्यून कसं करायचं. म्हणजे गावाच्या स्वतःच्या अडचणी.

कॅलिफोर्नियातला हौशी क्लब आणि पाबळचा आश्रम यांच्यात वरवर काही साम्य नाही. पण आतून एकच गोष्ट आहे. दोन्ही ठिकाणी 'तुला कोणी परवानगी दिली?' असं न विचारता 'तुला काय बनवायचंय?' असं विचारलं गेलं.

मग फोन उघडणं इतकं अवघड का?

आता परत तुमच्या हातातल्या फोनकडे. जुन्या फोनचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी बदलता यायची. आजचा फोन गोंदाने चिकटवलेला असतो. याला काही खरी कारणं आहेत. फोन पातळ हवा, पाणी आत जायला नको. पण काही कारणं तेवढी निर्दोष नाहीत.

एक म्हणजे वेगळ्याच आकाराचे स्क्रू. ज्या ॲपलचा जन्म नकाशे फुकट वाटणाऱ्या क्लबात झाला, तिनेच पुढे आयफोनला पाच पाकळ्यांच्या फुलासारखे स्क्रू लावले. नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरने ते निघत नाहीत. दुसरं म्हणजे सुट्या भागांची जोडी बांधणं. स्क्रीन किंवा बॅटरी यांच्या क्रमांकाची नोंद फोनच्या मुख्य बोर्डाशी बांधलेली असते. तुम्ही हुबेहूब तसाच भाग बसवला तरी फोन 'हा भाग ओळखता येत नाही' म्हणतो किंवा एखादी सोय बंद करतो.

याविरुद्ध जगभर 'दुरुस्तीचा हक्क' मागितला जातोय. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या शेवटी दुरुस्तीच्या माहितीचं पोर्टल सुरू केलं. खुद्द ॲपलनेही २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांना सुटे भाग आणि माहितीपुस्तिका द्यायला सुरुवात केली. म्हणजे दार थोडं किलकिलं झालंय. पण दार उघडलं तरी आत जायला माणसं हवीत ना? उघडायचं कसं हेच कोणाला येत नसेल तर हक्क कागदावरच राहील. म्हणून कट्टा हवा.

टेबलावर नेमकं काय करायचं?

चला, आता प्रत्यक्ष कामाचं. वस्तू बिघडली की लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलायचा नाही. आधी डॉक्टरसारखे प्रश्न विचारायचे. कधीपासून? अचानक की हळूहळू? बंद पडण्याआधी पडली होती का, पाणी गेलं होतं का, वास आला होता का?

मग बाहेरून आत जायचं. आधी प्लग आणि सॉकेट, मग वायर, मग फ्यूज, मग बटण, आणि सगळ्यात शेवटी आतला बोर्ड. बहुतेक वेळा दोष पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच सापडतो. वायर सगळ्यात जास्त कुठे तुटते? जिथे ती प्लगमध्ये शिरते तिथे, कारण तिथेच ती सारखी वाकते.

इथे मल्टिमीटर उपयोगी पडतो. काही शे रुपयांत साधा मिळतो. त्यात एक 'बीप'ची सोय असते. वस्तू प्लगमधून काढायची, वायरीच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या दोन काड्या लावायच्या. बीप वाजला तर वायर सलग आहे, नाही वाजला तर मध्ये तुटली आहे. पहिल्यांदा तो बीप ऐकताना जी मजा येते ना, ती अनुभवाच!

काहीही न उघडता करायचे दोन उद्योग सांगतो.

पहिला, टीव्हीचा रिमोट चालत नाही. फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं पुढचं टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. रिमोटचा प्रकाश अवरक्त असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट प्रकाश सोडतोय, मग संशय टीव्हीवर घ्या. ठिपका नाही दिसला तर आधी सेल बदला. मागच्या कॅमेऱ्यात काही फोनमध्ये हा प्रकाश गाळला जातो, म्हणून सेल्फीच्या कॅमेऱ्यानेही बघा.

दुसरा, फोन चार्ज होत नाही, केबल धरून ठेवावी लागते. केबल बदलूनही तेच? मग पिनच्या भोकात टॉर्च मारून बघा. जीन्सच्या खिशातली धूळ आणि कापडाचे तंतू आत जाऊन दाबून बसतात. प्रत्येक वेळी केबल लावताना ते आणखी ठासले जातात आणि केबल पूर्ण आत बसतच नाही. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या आणि कडेकडेने हळुवार कोरून काढा. टाइप-सी असेल तर मधोमध एक पातळ जीभ असते, तिला धक्का लागू द्यायचा नाही. सुई, टाचणी, कुठलंही लोखंड आत घालायचं नाही. कितीतरी 'चार्जिंग गेलेले' फोन एवढ्यावर चालू होतात.

काय उघडायचं नाही

आता जरा गंभीर होऊया. खटपट म्हणजे आगाऊपणा नव्हे.

फुगलेली बॅटरी. फोनचं मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन फुगलीय असं दिसलं तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका. बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, सपाट करायची तर मुळीच नाही. लिथियमच्या बॅटरीत आतले पडदे फाटले की क्षणात भडका उडतो. ती जाणकाराकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.

मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुना डब्याचा टीव्ही. यांच्या आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. कट्ट्यावर ही दोन्ही उघडायचीच नाहीत.

चार्जर, अ‍ॅडाप्टर आणि टीव्हीचा वीजपुरवठा. घरातली वीज २३० व्होल्ट, पण या सर्किटमधला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहतो. ज्याला तो सुरक्षितपणे रिकामा करता येतो त्यानेच हात घालायचा. नवशिक्यांनी सुरुवात करायची ती सेलवर चालणाऱ्या वस्तूंपासून. खेळणी, टॉर्च, घड्याळ, रिमोट.

आणि अजून एक, वॉरंटी शिल्लक असेल तर वस्तू उघडूच नका. आधी कंपनीकडून हक्काने दुरुस्त करून घ्या.

तुमच्या गल्लीत कट्टा

समजा तुम्हाला सुरू करायचंय. किती माणसं लागतात? चार पुरेत. जागा? सोसायटीचा हॉल, वाचनालयाची खोली, कॉलेजची लॅब, नाहीतर कोणाच्या तरी घराची ओसरी. एक मोठं टेबल, चांगला उजेड, बटण असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, पक्कड, चिमटा, मल्टिमीटर. सोल्डरिंग पुढच्या महिन्यात आणा.

स्क्रूसाठी भारी साधन तुमच्या स्वयंपाकघरातच आहे, मसाल्याचा डबा! एकेका वाटीत एकेका थराचे स्क्रू. फक्त आईला विचारून, आणि जुना डबा. प्रत्येक पायरीवर फोनने फोटो काढा. परत बंद करताना तोच नकाशा.

वेळ दोन तास. पहिला अर्धा तास होमब्रूसारखा, 'माझ्याकडे काय आहे, माझं काय अडलंय.' नंतर मोकळं. फोन आणणाऱ्याने बॅकअप घेऊन, सिम काढून आणायचा आणि स्वतःचा फोन नजरेआड होऊ द्यायचा नाही.

एक वही ठेवा. आज काय उघडलं, काय सापडलं, काय जमलं नाही. 'जमलं नाही' हा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. पुढच्याला तिथून सुरुवात करता येते.

आता दोन गोष्टी मनापासून सांगतो. पहिली, टॉर्च धरणाऱ्याबद्दल. आपल्याकडे घरोघरी दुरुस्ती कशी होते? बाबा फ्यूज बदलतात आणि पोरं टॉर्च धरतात. टॉर्च जरा हलला की ओरडा खायचा. आणि मुलगी असेल तर कित्येकदा टॉर्चसुद्धा हातात येत नाही, तिला सांगतात, 'तू बाजूला हो, शॉक बसेल.' होमब्रू क्लबातही जवळजवळ सगळे पुरुषच होते. आपल्या कट्ट्यावर हे नको. नियम करा, प्रत्येक वस्तूवर स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांच्या हातात फिरला पाहिजे. ज्याला येतं त्याने पाच मिनिटं हाताची घडी घालून फक्त बोलायचं. खूप अवघड असतं ते, पण शिकवणं म्हणजे तेच.

दुसरी गोष्ट, आपल्या नाक्यावरच्या रिपेअरवाल्या काकांबद्दल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तापकीर गल्लीत जा. हातभर रुंदीच्या गाळ्यात बसून भिंगातून बोर्ड वाचणारी माणसं तिथे आहेत. त्यांच्याकडे पदवी नसेल, पण हजारो उघडलेल्या वस्तूंचा अनुभव आहे. कट्टा म्हणजे त्यांचा धंदा बुडवायची जागा नव्हे. त्यांना आदराने बोलवा. 'काका, एक रविवार आमच्यात येऊन बसाल का? तुम्ही बोर्ड कसा वाचता ते आम्हाला बघायचंय,' असं विचारा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. जे आपल्याला जमत नाही ते काम त्यांच्याकडेच पाठवा. त्यांच्या हातातली विद्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. ती त्यांच्याबरोबर संपली, तर मग दुरुस्तीचा हक्क मिळूनही आपण कोणाकडे जाणार?

हे सगळं कशासाठी?

कट्ट्यावर बसून प्रत्येकाने कंपनी काढावी असं कोणी म्हणत नाही. त्या गॅरेजमधल्या बहुतेकांची नावं आज कोणाला माहीत नाहीत. पण एरवी जी गोष्ट फक्त मोठ्या कंपन्यांच्या बंद खोल्यांत ठरली असती, तिच्यावर त्यांनी आपले बोटांचे ठसे उमटवले.

आणि अडीअडचणीच्या वेळी असे कट्टे केवढे उपयोगी पडतात! २०२० मध्ये करोनाची साथ आली, डॉक्टर आणि नर्सना तोंड झाकायला फेसशील्ड मिळेनात. तेव्हा मुंबईच्या मेकर्स असायलम या अशाच खटपट्यांच्या जागेने एक नमुना तयार केला आणि त्याचा नकाशा देशभरातल्या इतर कार्यशाळांना मोकळा करून दिला. गावोगावच्या लोकांनी आपापल्या यंत्रांवर ती बनवली आणि आपापल्या भागातल्या दवाखान्यांना पोचवली. कारखाने बंद होते, पण एकमेकांना ओळखणारी, नकाशा वाटायची सवय असलेली माणसं आधीच तयार होती. साथ आल्यावर अशी ओळख तयार करता येत नाही, ती आधीच्या निवांत रविवारी झालेली असावी लागते.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरात बंद पडलेली, सेलवर चालणारी एक वस्तू शोधा. एकट्याने उघडू नका. एका मित्राला नाहीतर मैत्रिणीला बोलवा, मसाल्याचा जुना डबा काढा, फोटो काढत उघडा, आणि आत काय दिसलं ते मला व्हॉइस मेसेजने पाठवा. चालू झाली तर सांगा, आणि नाही झाली तर जरूर सांगा. निवडक मेसेज पुढच्या भागात ऐकवतो, आणि त्याच भागात सोल्डरिंग पहिल्यांदा कसं करायचं ते बघूया.

तोवर खटपट चालू राहू द्या. भेटूच!